पत्रिकावाला एचडीकॅमच्या दारात

साल २०१२. दादरच्या एका गाळ्यात मी लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं आणि मंडळांची पावतीपुस्तकं यांचं डीटीपी करायचो. चित्रांसाठी कोरल ड्रॉ आणि मराठी अक्षरांसाठी श्री-लिपी, एवढ्या दोन सॉफ्टवेअरांच्या भांडवलावर संसार चालला होता. ओळखीतल्या एका निर्मात्याचा मराठी सिनेमा थिएटरांतून उतरला आणि एका वाहिनीने तो घेतला. वाहिनीला एचडीकॅम नावाची एचडी टेप हवी होती. सुरुवातीची टायटलं आणि शेवटी वर सरकत जाणारी नावं, म्हणजे रोलर, नव्याने करायची होती, कारण ती करणारा मुलगा बंगळुरूला गेला होता आणि त्याच्या मागे राहिलेल्या हार्ड डिस्कने मान टाकली होती. निर्माते म्हणाले, ‘‘तुला अक्षरं कळतात ना? मग झालं तर. मरोळला स्टुडिओत जा, बाकीचं ते सांगतील.’’ बाकीचं म्हणजे नेमकं किती, हे विचारायचं मला सुचलं नाही.

अंधेरी पूर्वेला उतरून शेअर रिक्षाने मरोळ नाक्याकडे निघालो. मेट्रो तेव्हा सुरू व्हायची होती. कुर्ला रोडवर नुसते खांब, पत्रे आणि धूळ. स्टुडिओ एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होता. खाली लेथ मशीन, मधल्या मजल्यावर पॅकिंगवाले, वरती आमचा सिनेमा. चपला बाहेर काढून आत गेलो आणि पेन ड्राइव्ह पुढे केला. एडिटरदादांनी फाइल उघडली : ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, आणि सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाया. ते म्हणाले, ‘‘टीव्हीत शाई नसते रे.’’ डीपीआयलाही तिथे किंमत नव्हती. आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, संपला हिशेब. मी मनातल्या मनात गुणाकार केला. एचडीचं अख्खं चित्र म्हणजे साधारण २१ लाख ठिपके. ए-फोर आकाराचं पान ३०० डीपीआयवर ठेवलं, तर ८७ लाखांच्या आसपास भरतात. ज्या हाय डेफिनिशनला मी एवढा बिचकत होतो, ते माझ्या रोजच्या पानाच्या पाव हिश्श्याएवढंही नव्हतं. हे मी मोठ्याने बोललो. दादांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

मला आफ्टर इफेक्ट्ससमोर बसवलं. अक्षरं हलवायचं सॉफ्टवेअर, एवढीच माझी समज. युनिकोडमध्ये ‘निर्मिती’ टाइप केलं. पहिली वेलांटी उडी मारून अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसली आणि रफार म्हणून ‘र’ला हलन्त लावून मिळाला. सॉफ्टवेअरला देवनागरीची जुळणी येतच नव्हती. इथे मात्र मी शेर होतो. कोरलमध्ये श्री-लिपीत मजकूर जुळवला, अक्षरांचे कर्व्ह केले, म्हणजे अक्षरांची चित्रं करून टाकली, आणि ती आत आणली. सगळं जागच्या जागी! ऐट फार वेळ टिकली नाही. एका सहायकाच्या नावात दुरुस्ती आली, आणि चित्र झालेल्या अक्षरात टाइप करता येत नाही. पुन्हा कोरल, पुन्हा कर्व्ह, पुन्हा आयात. रोलरमध्ये नावं शंभरावर, आणि प्रत्येकाला आपल्या नावातली वेलांटी दीर्घच हवी होती.

पहिलं टायटल तयार झालं. चांगलं ऐसपैस, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत. कोपऱ्यात एक २१ इंची जुना घरगुती टीव्ही होता, मागे पोट सुटलेला. मला वाटलं, मॅचसाठी असेल. दादांनी माझं टायटल त्याच्यावर लावलं. दिग्दर्शकाचं आडनाव अर्धं गेलं. त्यांनी कागदावर रेघ मारून समजावलं. एचडीचा चौकोन १६ : ९. लोकांच्या घरचे टीव्ही तेव्हा बहुतेक ४ : ३. वाहिनी मधला १४४० ठिपक्यांचा भाग ठेवायची आणि दोन्ही बाजूंचे २४०-२४० कापून टाकायची. हा सेंटर कट. शिवाय जुन्या नळीच्या टीव्हीत चित्राची कड चौकटीमागे थोडी दडते. म्हणून अक्षरं उरलेल्याच्याही ८० टक्क्यांत ठेवायची, म्हणजे ११५२ ठिपक्यांत. ही टायटल सेफची हद्द. हे तर छपाईतल्या कटिंग मार्जिनसारखंच झालं, असं म्हणून मी निश्वास टाकला. ‘‘फरक एवढाच,’’ दादा म्हणाले, ‘‘की इथे कटिंग करणारा प्रत्येकाच्या घरी वेगळा आहे.’’

मग अक्षरं बारीक करावी लागली. मी एक नाजूक, सडपातळ वळण निवडलं होतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ते फार देखणं दिसायचं. कोपऱ्यातल्या टीव्हीवर शिरोरेषा थरथरायला लागली. सगळ्या नावांवर एकदम, ताप भरल्यासारखी. मी केबल हलवून पाहिली. मशीन रूममधले मामा दारातून म्हणाले, ‘‘वायर सोड. रेघ जाड कर.’’

मामांनी जे सांगितलं ते मला जमेल तसं सांगतो. आपण जे चित्र पाठवतो त्याच्या १०८० ओळी एकदम येत नाहीत. आधी एकाआड एक ५४० ओळी येतात, मग राहिलेल्या ५४०. या प्रत्येक खेपेला फील्ड म्हणायचं. सेकंदाला ५० फील्ड, दोन फील्ड मिळून एक फ्रेम, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम. या भानगडीला इंटरलेस म्हणतात. आता माझी शिरोरेषा एकाच ओळीची. ती एका फील्डमध्ये असते आणि पुढच्यात नसते. सेकंदाला २५ वेळा पेटते, २५ वेळा विझते. इंग्रजी अक्षरांत आडव्या रेघा तुरळक. आपली सगळी लिपी एका आडव्या रेघेला लटकलेली. उपाय साधा निघाला : शिरोरेषा किमान तीन ओळींची, आणि वर किंचित उभा ब्लर. कॉम्प्युटरवर अक्षर जरा मंद दिसतं, टीव्हीवर शांत बसतं. इतकी वर्षं मी ग्राहकांना ‘शार्प आहे बघा’ म्हणून कार्डं विकली. आता धूसर करून द्यायची वेळ आली.

टायटल डावीकडून सरकत आत यावं, असं ठरलं. मी ते तयार केलं, रेंडर केलं, म्हणजे मशीनला एकेक फ्रेम रंगवायला बसवलं आणि वडापाव खायला खाली गेलो. परत येऊन बघतो तर टायटल पुढे येत होतं, मागे जात होतं, पुन्हा पुढे. फिट आल्यासारखं. रेंडरच्या खिडकीत ‘फील्ड’ नावाचा एक पर्याय होता. त्यात ‘लोअर फर्स्ट’ आधीपासून निवडलेलं होतं आणि मी सभ्य पाहुण्यासारखा त्याला हात लावला नव्हता. ती जुन्या डीव्ही कॅमेऱ्यांच्या काळची रीत. एचडीत वरचं फील्ड आधी लागतं. क्रम उलटला की प्रत्येक फ्रेममध्ये नंतरचा क्षण आधी दिसतो आणि आधीचा नंतर. उभ्या असलेल्या अक्षरात हे कळतच नाही. हलायला लागलं की बोंब. एका शब्दाच्या फरकाने माझं टायटल सेकंदात ५० वेळा काळाच्या मागे-पुढे जाऊन आलं होतं. ‘‘कॉम्प्युटरवर बरं दिसत होतं,’’ मी म्हणालो. आत बसलेले सगळेच हसले. हे वाक्य तिथे रोज कुणीतरी म्हणत असावं.

रोलरने मला खरं रडवलं. गाणं ५० सेकंदांचं, म्हणून रोलरही ५० सेकंदांचा. नावांची पट्टी ६००० ठिपके उंच झाली होती. मी सुरुवात आणि शेवट ठोकून दिला, मधला वेग सॉफ्टवेअरने काढला. टीव्हीवर नावं खरखरत, मधूनच ओळी गाळत वर चालली होती. दादांनी वेग पाहिला : फ्रेममागे साडेपाच-पावणेसहा ठिपके. ‘‘असा अडनिडा वेग चालत नाही,’’ ते म्हणाले. फील्ड एकाआड एक ओळी दाखवतं. नाव एका फील्डमध्ये एक ओळ सरकलं, तर दरवेळी त्याच्या त्याच अर्ध्या ओळी दिसतात आणि बाकीच्या कधीच दिसत नाहीत. म्हणून फील्डमागे दोन, चार असं सम अंतर. म्हणजे फ्रेममागे चार किंवा आठ ठिपके. मधलं काही नाही.

मी वहीत मांडलं. पट्टी ६०००, ती पूर्ण वर जायला आणखी १०८०. एकूण ७०८०. फ्रेममागे चार धरले तर १७७० फ्रेम, म्हणजे जवळजवळ १ मिनिट ११ सेकंद. आठ धरले तर ३५ सेकंद. गाणं ५० सेकंदांचं! निर्माते फोनवर म्हणाले, ‘‘सहा ठेव ना, मधला मार्ग.’’ सहाचे फील्डमागे तीन होतात, तिथेच मेख आहे, हे त्यांना समजावता समजावता मला स्वतःला पहिल्यांदा नीट समजलं. मग उलटं गणित केलं. ५० सेकंद म्हणजे १२५० फ्रेम, गुणिले चार, ५०००. त्यातून १०८० वजा. पट्टी ३९२० ठिपक्यांचीच हवी. नावं दोन रकान्यांत घेतली, ओळींतलं अंतर आवळलं, ‘विशेष आभार’मधल्या काही मंडळींना एका ओळीत शेजारी-शेजारी बसवलं. रोलर लोण्यासारखा वर गेला. त्या शेजारी बसवलेल्यांत दोन सख्खे भाऊ होते आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं, हे मागाहून कळलं.

रंगाचीही कथा आहे. सिनेमाचं नाव मी काळ्यावर कुंकवाच्या लाल रंगात केलं होतं, आणि बाकी अक्षरं पांढरीशुभ्र. दादांनी वेव्हफॉर्म मॉनिटर दाखवला. चित्रातला उजेड किती हे मोजायचं यंत्र, हिरव्या रेघांचं. पांढऱ्याची हद्द ७०० मिलिव्होल्ट. माझा पांढरा ती ओलांडून वर उभा. कॉम्प्युटरमध्ये काळा शून्य आणि पांढरा २५५ असतो. व्हिडिओत काळा १६ वर धरतात आणि पांढरा २३५ वर. पांढरा मळवला, ते पटलं. लाल मात्र कडांना फिसकटायचा, जणू ओल्या कागदावर शिक्का मारलाय. कारण टेपच्या पोटात होतं. एचडीकॅम एका ओळीत उजेडाचे १४४० नमुने नोंदवते, पण रंगाचे फक्त ४८०. पांढऱ्या अक्षराची कड उजेडावर उभी असते. काळ्यावरच्या गडद लालमध्ये उजेड मुळातच थोडा, सगळी भिस्त रंगावर. मग नाव मळकट पांढरं केलं आणि लाल मागच्या पट्ट्यात टाकला. पण १४४० हा आकडा ऐकून मी हुशारीने विचारलं, ‘‘म्हणजे टेपवर सेंटर कट आपोआप होतो?’’ नाही. टेप पूर्ण रुंदीचंच चित्र १४४० नमुन्यांत दाबून ठेवते आणि वाजवताना पुन्हा १९२०पर्यंत ताणते. दोन्ही १४४०चा एकमेकांशी काही संबंध नाही. मामांनी कपाळाला हात लावलेला मी पाहिला.

टायटलं सिनेमाच्या दृश्यांवर बसवायची होती. त्यासाठी अक्षरांबरोबर अल्फा द्यावा लागतो. अल्फा म्हणजे कुठे अक्षर आहे, कुठे आरपार दिसायला हवं, याचं काळं-पांढरं चित्र. माझ्या अक्षरांभोवती मऊ चमक होती. दृश्यावर ठेवल्यावर चमकेच्या जागी काजळी दिसू लागली. अल्फा दोन तऱ्हांचा असतो : एकात मागच्या काळ्याचा रंग अर्धपारदर्शक कडांत आधीच मिसळलेला, दुसऱ्यात अक्षराचा रंग निव्वळ ठेवलेला. मी पहिला पाठवला होता, फायनल कट या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरने त्याला दुसरा समजून घेतलं. एक खूण बदलली आणि काजळी गेली. मी तोवर चमक दोनदा नव्याने रंगवून बसलो होतो.

शेवटी मशीन रूम. काचेमागे व्हीटीआर, म्हणजे टेप वाजवणारी आणि भरणारी धुडं. मामांनी कॅसेट हातात दिली : काळी, झाकण नारिंगी. मी ती उलटसुलट करताना त्यांनी ती परत घेतली. आदल्या वर्षी, ११ मार्च २०११ला, जपानच्या त्सुनामीत सोनीचा सेंदाईजवळचा कारखाना पाण्याखाली गेला होता. एचडीकॅम-एसआर या वरच्या दर्जाच्या टेपा तिथे बनत. जगभर त्यांचा दुष्काळ पडला. तेव्हापासून मामा प्रत्येक टेपेला जपत होते. फीत मात्र अर्धा इंचीच. पूर्वीच्या बीटाकॅमसारखीच, आपल्या घरच्या व्हीएचएससारखीच.

कोऱ्या टेपेवर आधी नुसता काळा रंग आणि टाइमकोड भरायचा. टाइमकोड म्हणजे तास, मिनिट, सेकंद, फ्रेम असा पत्ता. फ्रेम ००पासून २४पर्यंतच. पंचविसावी झाली की सेकंद बदलतो. डिलिव्हरीच्या कागदावर लिहिलं होतं, सिनेमा १०:००:००:०० वर सुरू. मला वाटलं, सकाळी दहाला बोलावलंय. मी लवकर पोचलो. मामा म्हणाले, सिनेमाच्या आधी रंगपट्ट्या, एक किलोहर्ट्झचा ‘पीं’ आवाज, नावाची पाटी आणि थोडा काळा असतो. सिनेमा शून्यावर सुरू केला, तर त्या सगळ्याचा पत्ता आदल्या दिवशीच्या रात्री २३:५८ असा येईल आणि मशीन गोंधळेल. म्हणून सुरुवातच दहाला. ‘‘आलाच आहेस लवकर, तर बस,’’ म्हणाले.

टेप भरणं सिनेमाएवढाच वेळ घेतं. कॉपी-पेस्ट नाही; दोन तासांच्या सिनेमाला दोन तास, आणि मध्ये एक फ्रेम निसटली तर मशीन थांबतं. थिएटरात हाच सिनेमा २ तास ५ मिनिटांचा होता. मी हळूच विचारलं, पाच मिनिटं सेन्सॉरने कापली का? कुणी काही कापलं नव्हतं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, आपला टीव्ही २५चा. तीच चित्रं जरा वेगाने धावतात आणि १२५ मिनिटांची १२० होतात. आयुष्यभर मी टीव्हीवर सगळे सिनेमे किंचित पळवलेले पाहिले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

भरून झाल्यावर रोलरमध्ये एक वेलांटी ऱ्हस्व सापडली. मी सुन्न. मामांनी रोलरच्या जागेचा पत्ता टाकला, मशीनने टेप मागे नेऊन पाच सेकंदांची धाव घेतली आणि तेवढाच तुकडा नवा भरला. आधी काळा आणि टाइमकोड भरून ठेवण्याची मेहनत यासाठी असते. मग त्यांनी कॅसेटच्या पोटातली लाल कळ दाबली : आता भरणं बंद. ‘‘आता ब्रह्मदेव आला तरी वेलांटी बदलणार नाही,’’ म्हणाले. तेवढ्यात माझा फोन वाजला. कॅटरिंगवाल्यांचं नाव राहिलं होतं. मामांनी कळ पुन्हा वर ओढली.

टेप वाहिनीच्या तपासणीत पास झाली. प्रक्षेपणाच्या रविवारी डोंबिवलीला घरातले सगळे टीव्हीपुढे जमले. टीव्ही तसाच, पोट सुटलेला. तेव्हा मराठी वाहिन्यांचं प्रक्षेपण साध्या एसडीत, म्हणजे स्टँडर्ड डेफिनिशनमध्येच व्हायचं. स्टार प्रवाह काय, झी मराठी काय, एचडी रूपं २०१६मध्ये आली. म्हणजे आमची १९२० गुणिले १०८०ची टेप दाबून, दोन्ही बाजूंनी कापून या डब्यापर्यंत पोचली होती. पण दिग्दर्शकाचं आडनाव पूर्ण होतं. शिरोरेषा हलत नव्हती. मला त्या मरोळच्या कोपऱ्यातल्या टीव्हीची किंमत कळली. स्टुडिओतले सगळे महागडे मॉनिटर आमच्यासाठी होते. सेफची हद्द, जाड रेघ, सम वेग, मळकट पांढरा, हे सगळे नियम मात्र आमच्या दिवाणखान्यातल्या या टीव्हीसाठी केलेले होते, आणि मला ते उगाचच्या अटी वाटत होते.

मग रोलर आला. चार ठिपके, फ्रेममागे, नितळ. मी सगळ्यांना गप्प केलं. पाचव्या-सहाव्या सेकंदाला वाहिनीने रोलर आक्रसून पडद्याच्या एका बाजूला सारला आणि उरलेल्या जागेत पुढच्या मालिकेची जाहिरात लावली. नावं मुंगीएवढी. माझं नाव यायच्या आत साबणाची जाहिरात सुरू झाली.

‘‘तुझं नाव कुठंय?’’ आईने विचारलं.

‘‘टेपवर आहे. ११:५९:४६:१२ला.’’

‘‘मग टेप आण की घरी,’’ बाबा म्हणाले, ‘‘माळ्यावर व्हीसीआर आहे अजून.’’

फीत दोन्हीकडे अर्धा इंचीच असते, हे मी त्यांना सांगितलं नाही. नाहीतर त्यांनी तेव्हाच स्टूल आणलं असतं.